मामाला पाठी ओळखू येतात

माझा मामा नगरपालिकेत एकतीस वर्षं एकच काम करत होता. शहरातल्या माणसांना घराबाहेर काढायचं. दर रविवारी सकाळी सहाला तळ्याच्या फाटकापाशी जमायचं, टेकडीला वळसा घालून चार किलोमीटर चालायचं, परत यायचं, चहा प्यायचा. सगळं फुकट, तरी माणसं यायला तयार नसत. आणि मोकळ्या हवेसाठी जगाच्या मागे लागणाऱ्या या माणसाचं स्वतःचं ऑफिस तळघरात, बिनखिडकीचं. ट्यूबलाइटखाली बसून हा पत्रकं लिहायचा, ‘सकाळचं कोवळं ऊन अंगावर घ्या.’

पहिल्या रविवारी दोघं आले. एक पेन्शनर होते, त्यांना नवे बूट चावले म्हणून ते अर्ध्या वाटेतून परत गेले. दुसरा मामाच्याच ऑफिसातला शिपाई. मामा तरी येतो की नाही, ते बघायला साहेबांनी त्याला पाठवलं होतं. मामाने घरी येऊन सांगितलं, “सुरुवात झकास झाली.”

तिसऱ्या रविवारी नऊजण आल्यावर तर स्वारी हवेतच. सगळ्यांच्या पुढे हा, तोंडाचा पट्टा सुरू, हे झाड कुठलं, तो पक्षी कुठला. फाटकाशी येऊन बघतो तर आठच माणसं. धावत मागे गेला. नववी बाई चढावर एका दगडावर बसली होती, हातात तुटकी चप्पल, डोळ्यांत पाणी. मामा माफी मागायला लागला तर ती म्हणाली, “असू दे. मी मागे राहिले की कुणाच्या लक्षातच येत नाही.”

ती बाई म्हणजे आमची मामी. दोन वर्षांनी तिने मामाशी लग्न केलं, पण त्या फेरीत पुन्हा पाऊल टाकलं नाही. “आठवडाभर शाळेत पोरं हाकते, रविवारी मी झोपणार,” असं ती सांगायची. खरं कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण तिच्यापुढे बोलायची कुणाची छाती होती!

त्या दिवसापासून मामा सगळ्यांच्या मागे चालायला लागला. नियमच करून टाकला. शेवटचा मामा, आणि शेवटचं माणूस पोचेपर्यंत चहाच्या किटलीला कुणी हात लावायचा नाही. पुढे कुणी धापा टाकत असलं की मामा म्हणायचा, “सावकाश. मी आहे मागे.” बस्स, एवढंच. पुढे सत्तर-सत्तर माणसं यायला लागली ती या वाक्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. मामाला ते पटत नाही. पत्रकांचा कागद किती भारी होता, तेच तो सांगत बसतो.

पण मागे राहून राहून त्याचं एक भलतंच झालं. इतकी वर्षं नुसत्या पाठी बघितल्यामुळे त्याला लोकांचे चेहरे ओळखू येईनासे झाले. एकदा बँकेत काउंटरवरची बाई त्याच्याशी छान हसून बोलत होती आणि हा ढिम्म. शेवटी ती बिचारी उठली, पाठमोरी झाली आणि तिने सगळ्यांदेखत चार पावलं चालून दाखवली. “अरे, तुम्ही होय!” मामा केवढ्यांदा ओरडला. “उजवी टाच अजून घासताच की!” मी शेजारीच उभी होते. कुठे तोंड लपवू असं झालं मला.

निवृत्तीला दोन महिने राहिले आणि मामाचा गुडघा गेला. डॉक्टरांनी चढ जपून चढायला सांगितलं. साहेबांनी तोडगा काढला, की शेवटच्या रविवारी मामाने फाटकाशी खुर्चीत बसावं, शिटी वाजवावी आणि पुष्पगुच्छ घ्यावा. मामा भडकला. “खुर्चीत बसून लोकांना चाला म्हणू?”

“तळघरात बसून तेच तर करत होतास,” मी म्हटलं. त्याने ऐकलंच नाही.

मग गुडघ्याला पट्टा बांधता बांधता हळूच म्हणाला, “पण मीच मागे पडलो तर? सत्तर माणसं माझ्यापायी ताटकळणार. इतक्या वर्षांत मी कुणाला मागे सोडलं नाही, आणि आता माझंच ओझं...” मामी समोर वह्या तपासत बसली होती. तिने मान वर केली नाही, पण तिच्या हातातलं लाल पेन जागच्या जागी थांबलं होतं.

त्या शेवटच्या रविवारी फाटकाशी बघते तर मामी हजर! पायात माझे बूट, जे मी पहाटेपासून मामाच्या घरभर शोधत होते.

“मामी, तू?”

“झोप येत नव्हती.”

चढ लागला तशी माणसं पुढे गेली. मी मुद्दामच रेंगाळत मामाच्या थोडी पुढे चालत होते, कान मात्र मागे. कठड्याला धरून मामा थांबला. घाम पुसला. तेवढ्यात त्याच्या मागून आवाज आला.

“सावकाश. मी आहे मागे.”

मामा केवढा दचकला! ते वाक्य त्याला आजवर कुणी म्हटलंच नव्हतं. “अगं, तू मागे काय करतेस? पुढे हो. शेवटचा मी असतो.”

“आज नाही. एकोणतीस वर्षं दर रविवारी दारातून तुमची पाठ बघत आलेय. चुकायची नाही मी. चला.”

एरवी मामाने वाद घातला असता. त्या दिवशी मुकाट चालायला लागला. मी डोळे पुसत पुढे पळाले.

फाटकाशी सगळे थांबले होते, किटलीला कुणी हात लावला नव्हता. बऱ्याच वेळाने वळणावर मामा दिसला. लंगडत आला. साहेब पुष्पगुच्छ घेऊन लगबगीने पुढे झाले, तसा मामाने हात वर करून त्यांना अडवलं आणि मागे वळून बघत उभा राहिला.

“थांबा हो,” तो म्हणाला. “शेवटचं माणूस अजून यायचंय.”