खाट चुकीच्या जागी

मार्चमधला पहिला रविवार. हजर : दादा, लकव्यानं अंथरुणाला खिळलेली वहिनी आणि वारासिवनीहून सकाळच्या बसनं आलेली मी. काम : बालाघाटच्या घराची पुढची खिडकी बदलणे.

जुनी खिडकी वाळवीनं खाल्ली होती. पल्ले पडू नयेत म्हणून दादानं खिळे ठोकून ते कायमचे बंद केले होते. वहिनीची खाट त्याच खिडकीखाली. तिचं मागणं एवढंच, "मले रस्ता दिसला पायजे. भाजीवाला दिसला तरी चालते." मी सुतार ठरवला होता. दादानं त्याला फाटकातूनच परत पाठवलं. "आपल्या घराले आपलाच हात लागला पायजे," म्हणे.

हात चांगला होता त्याचा, ते नाकारत नाही. पण माझा भाऊ जन्मात कधी चुकला नाही. एकदा माझ्याकडे यायला निघाला आणि उलट्या दिशेच्या परसवाड्याच्या बसमध्ये बसला. संध्याकाळी पिशवीभर मोहरी घेऊन घरी परतला, आणि आपलं काम तिकडंच होतं असं सांगत राहिला. वहिनी तेव्हा हिंडती-फिरती होती. तिनं मोहरी पाखडायला घेतली.

नवी चौकट ओळंब्यात, अगदी सरळ बसली. सिमेंट पक्कं झालं. पुढच्या रविवारी त्यानं पल्ले लावले, तेव्हा कळलं की चौकटीची बाहेरची बाजू आत आली आहे. पल्ले आत उघडत होते, थेट वहिनीच्या उशीवर. मी म्हटलं, चौकट काढून उलटी बसव, मी मुक्काम करते. दादानं पल्ला दोनदा फिरवून पाहिला.

"खिडकी बराबर हाये, शालू. खाट चुकीच्या जागी हाये."

आणि त्यानं खाट कोपऱ्यात ओढली, वहिनीसकट. तिथून शेजाऱ्यांच्या छपराचा पत्रा तेवढा दिसायचा. वहिनीनं थोडा वेळ तिकडे पाहिलं. "हौ," ती म्हणाली, "हवा तं येते."

पावसाळा संपायच्या आत ती गेली.

तेरवीला आलेले पाहुणे पांगल्यावर दादानं खाट पुन्हा खिडकीखाली आणली आणि तिच्यावर बसला. अर्धा उघडलेला पल्ला त्याच्या खांद्याला टेकला होता. मी पुन्हा तेच म्हटलं, आता तरी चौकट फिरवून घे.

"आता काहून?" तो म्हणाला. "पाहणारी तं गेली."

यंदा तोही गेला. मी वीजमीटरवरचं नाव बदललं, गळका नळ बदलला, खोल्या झाडून घेतल्या. चौकट उलटी बसवायची राहिली आहे.