रथसप्तमीपर्यंत

शनिवार पेठेत माझं झेरॉक्सचं दुकान, आणि शेजारी हिंमतरावांचं फोटो फ्रेमचं. या माणसाच्या जिभेला हाड नाही, ही त्यांची ख्याती. खरं सांगायचं तर आम्हा शेजाऱ्यांना त्याचं कौतुकच होतं. गिऱ्हाइकाला टोला बसला की आम्ही दिवसभर तो एकमेकांना सांगत असू.

दर एकतीस डिसेंबरला हिंमतराव संकल्प सोडत. तंबाखू बंद, रोज पर्वती चढणं सुरू. दहा जानेवारीपर्यंत दोन्हींचं बारसं आणि बारावं उरकलेलं असे. यंदा मात्र त्यांनी एकच संकल्प सांगितला, तोही खालच्या आवाजात. "इम्तियाजची माफी मागायचीय."

इम्तियाज त्यांच्याकडे बावीस वर्षं कारागीर होता. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या वडिलांचा फोटो काचेला चिकटून खराब झाला, कारण मधे पुठ्ठ्याची पट्टी घातलीच नव्हती. भरल्या दुकानात हिंमतराव कडाडले, "ऑर्डरची चिठ्ठी वाचता येत नसेल तर सांगावं माणसानं!" इम्तियाजने काच कापायची हिरकणी खाली ठेवली, चपला घातल्या आणि निघून गेला. संध्याकाळी चिठ्ठी सापडली. तिच्यावर पट्टीचा उल्लेखच नव्हता, आणि अक्षर हिंमतरावांचं होतं. ते त्यांनी कबूल केलं, पण फक्त माझ्यापाशी.

एक जानेवारीला म्हणाले, "नुसतं जाऊन काय बोलणार? संक्रांतीला तिळगूळ घेऊन जातो. तोंड उघडायला निमित्त होईल."

संक्रांतीला त्यांच्या बायकोने, दीपमालावहिनींनी लाडवांचा डबा भरून दिला. हिंमतराव मोमीनपुऱ्याला इम्तियाजच्या घरी जायला निघाले, मंडईपर्यंत पोचले आणि दोन किलो मटार घेऊन परत आले.

"अहो, तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो," त्यांनी उलट मलाच सुनावलं.

चालतो खरा. भित्र्या माणसाला आणखी दहा-अकरा दिवस देणारी ही रीत कुणी काढली, देव जाणे.

मधल्या मंगळवारची गोष्ट. दुपारचे दोन वाजले होते. एक ते चार आमची पेठ झोपते, त्यामुळे त्यांचं शटर अर्धं खाली होतं. मी माझ्या पायरीवर पेपर वाचत होतो. बुरख्यातल्या एका बाईंनी येऊन शटर दोनदा वाजवलं. आतून पडल्यापडल्याच हिंमतराव ओरडले, "एक ते चार बंद! बाहेर लिहिलंय. वाचता येत नसेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या!"

बाई जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या आणि निघून गेल्या. मी हसलो. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

रथसप्तमीला मीच हिंमतरावांना स्कूटरवर बसवून मोमीनपुऱ्यात नेलं. म्हटलं, आता पळून यायला मटारचं निमित्तही नको. दार इम्तियाजच्या मुलीने, आलिमाने उघडलं. तिचे डोळे सुजलेले होते. इम्तियाज जाऊन चार दिवस झाले होते.

त्याची बायको अख्तरबानू इद्दतीला, म्हणजे नवऱ्यामागे विधवेने घरात एकांतात काढायच्या दिवसांना, बसली होती, म्हणून ती पडद्याआडूनच बोलली.

"वहिनी, मला कळवायचं तरी," हिंमतराव कसेबसे म्हणाले.

"आले होते मी, हिंमतभाऊ. मंगळवारी दोन वाजता. भेटायचं म्हणत होते ते तुम्हाला. मला वाचता येतं. तीस वर्षं शाळेत शिकवलंय मी."

हिंमतरावांनी विचारलं, "त्याला काय सांगितलंत?"

"खरं कसं सांगणार? म्हटलं, भेटले, येतो म्हणाले. मग संध्याकाळपर्यंत दाराकडेच बघत होते. बुधवारी सकाळी गेले. आलिमाला सांगत होते, शेजारून खुर्ची आणून ठेव, हिंमतरावांचे गुडघे दुखतात, त्यांना खाली बसवत नाही."