थांब की

शामुवेलमामांना काही विचारलं, की ते आधी सदऱ्याची बटणं मोजायचे. बोट गळ्याशी, मग एकेक खाली. सहावं झालं की उत्तर. घाई केली तर म्हणायचे, "थांब की, अजून दोन हाईत." उभा जन्म शिलाई मशीनवर गेलेला माणूस, आम्हाला ती धंद्याची खोड वाटायची. तरुणपणी ते प्यायचे, आणि पिऊन बायकोला नको ते बोलले होते. ती कोडोलीला माहेरी गेली ती परतलीच नाही. तेव्हा दारू सुटली आणि बोटं बटणांवर आली. "दारू प्रभूनं सोडवली," ते म्हणायचे, "जीभ मातर माझी मलाच धराय लागती."

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजनाचा द्राक्षरस तेच तयार करत; उपासनेत येशूच्या आठवणीसाठी प्रत्येकजण त्याचा छोटा प्याला घेतो. रसाच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असे.

पंचांच्या बैठकीत एकदा विषय निघाला, की रसाच्या बाटल्या फार लवकर संपतात. मामांचं बोट गळ्याशी गेलं. दुसऱ्या बटणावर असतील, तेवढ्यात मी बोललो. का बोललो, आजही सांगता येत नाही. चहा आला होता, सगळे मजेत होते, एवढंच.

"मामास्नीच विचारा की. जुनी सवय हाय."

सगळे हसले. मामांचं बोट थांबलं. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली, "सलाम" म्हणाले आणि गेले.

आठवड्याभरात मला कळलं. उरलेला रस ते एसटीनं कोडोलीला नेत, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांसाठी. आधीच्या पाळकसाहेबांनीच ते काम त्यांना दिलं होतं. नव्यांना ठाऊक नव्हतं. मी कुणालाच सांगितलं नाही.

त्यानंतर मामा शेवटच्या बाकावर बसू लागले. प्याल्यांचा ट्रे आला की न घेताच पुढे देत. पाळकसाहेबांनी समजावलं, तर म्हणाले, प्याला उचलला की सगळी माझ्या तोंडाकडं बघत्यात. मी त्यांच्या तीन बाकं पुढे बसायचो. कुठल्याही रविवारी उठून म्हणायचं होतं, की मी खोटं बोललो. चार वर्षं ते तोंडातून निघालं नाही.

मग मामा दवाखान्यात असल्याचं समजलं. गेलो तेव्हा त्यांना धाप लागली होती. त्यांची भाची उशाशी होती. तिच्यादेखत मी सगळं सांगून टाकलं. म्हणालो, "रविवारी मंडळीसमोर सांगतो, मामा. तुम्ही फक्त माफ केलं म्हणा."

त्यांचा हात गळ्याशी गेला. अंगात दवाखान्याचा झगा होता, त्याला मागून नाड्या. बोट खाली सरकलं, काही सापडलं नाही, पुन्हा वर आलं. मी म्हणालो, राहू द्या बटणं, नुसतं बोला.

"थांब की," ते म्हणाले.

मी थांबलो. दुपारी धाप थांबली; तो हात छातीच्या मध्यावरच राहिला. भाचीनं तो सरळ केला.

रविवारी मी उभा राहून सांगितलं. उपासनेनंतर लोक म्हणाले, आम्हाला तर आठवतही नव्हतं. त्याआधी ट्रे माझ्यापुढे आला होता. मी प्याला न घेताच तो शेजाऱ्याकडे दिला. अजून देतोय.