राउटरला ताप

आई अकोल्यात एकटी राहते, मी अमरावतीला. वीज वाचवायच्या नादात ती भर मे महिन्यातही कूलर लावत नसणार, असा मला संशय होता. म्हणून मी कूलरला स्मार्ट प्लग लावून दिला. कूलर किती वीज खातो, ते मला इथे मोबाइलवर दिसायचं.

पण रोज दुपारी एक ते चार प्लग ऑफलाइन! मी अकोल्याच्या एका फेरीत वायफायचा पासवर्ड बदलला, राउटर कूलरजवळ आणला, चिडून प्लगही नवा घेतला. ढिम्म फरक पडला नाही. शेवटी एका दुपारी न सांगता जाऊन धडकलो. कूलर मजेत घरघरत होता आणि आई राउटरचं बटन बंद करत होती.

"काहून बंद केलं?" मी ओरडलोच.

"हात लावून पाह्य, कसा तापला तो," आई शांतपणे म्हणाली. "थोडा आराम देऊन राहिली त्याले."

राउटर बंद करायचा नाही, हे तिच्याकडून कबूल करून घेतलं आणि परतलो.

आता कनेक्शन एकदाही तुटत नाही. रोज दुपारी एक ते चार ॲप मला स्वच्छ दाखवतं: कूलर, शून्य वॅट. फोन केला की आई म्हणते, "राउटर चालू ठेवला ना? मंग कूलरले तरी आराम नको?"