अर्धा माळ

अख्ख्या खानदेशात गुडघे टेकून सगळ्यात जास्त आयुष्य कोणी काढलं असेल, तर ते माझ्या साडूंनी. देवापुढे नव्हे हो! देवळात ते बाहेरच थांबायचे आणि फरशीच्या फटीत काय उगवलंय ते बघायचे. धुळ्याच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि मी जळगावला एसटीत जन्म काढला. दोघी बहिणींनी आमची गाठ घालून दिली नसती, तर हा गृहस्थ मला डेपोत एखाद्या बसखाली वाकलेला सापडला असता आणि मी त्याला हटकलं असतं. मी त्यांना नाना म्हणतो. वयाने मोठे म्हणून. अकलेचं म्हणाल तर आमच्या घरात दोन मतं आहेत.

नानांच्या पिशवीत कायम चार खुंट्या आणि सुतळी. जातील तिथे खुंट्या ठोकायच्या, सुतळीची चौकट आखायची आणि आत किती जातींचं गवत, किती प्रकारचे किडे ते बघत बसायचं. मग चौकट दुप्पट करायची. मग पुन्हा दुप्पट. "जागा वाढली की जाती वाढतात," ते समजावायचे, "पण जागा दुप्पट म्हणून जाती दुप्पट होत नाहीत. पुढे पुढे नवं कोणी भेटेनासं होतं." मला हे काही केल्या उमगेना. शेवटी माझ्याच मुलीच्या लग्नात, वरात दारात आलेली असताना, त्यांनी मला मांडवात बाजूला ओढलं. "हे बघा, पन्नासच माणसं बोलावली असतीत तरी रुसलेला मामा, वरणात मीठ कमी म्हणणारी आत्या, आहेर उलटून बघणारे काका, सगळे आलेच असते. तुम्ही बोलावलीत हजार. आता नुसते मामा वाढलेत!" शास्त्रातली तेवढी एकच गोष्ट मला एका दमात कळली, आणि व्याह्यांना हार घालताना मला हसू आवरेना.

हिवाळ्यात आमच्याकडे शेतात भरीत पार्टी असते. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या, जाळावर वांगी भाजायची, तिथेच ठेचायची, पुऱ्यांबरोबर हाणायची. एकदा ऐन जाळ पेटवायच्या वेळी नाना आडवे आले. "इथे नको. इथे एक गवत आहे." गवत! शेतात! यजमान बिचारा भला माणूस, त्याने मुकाट्याने जाळ वाऱ्याच्या तोंडावर हलवला आणि आम्ही सगळ्यांनी धुराने रडत रडत भरीत खाल्लं. यावलला माझ्या चुलतभावाच्या केळीच्या बागेत तर त्यांनी कहरच केला. नजर पोचणार नाही एवढी बाग. नाना आत फिरून आले आणि म्हणाले, "जागा पुष्कळ आहे हो, पण राहतंय कोण? केळ आणि तुम्ही." त्या दिवसापासून आमच्याकडे केळीचा घड येणं बंद झालं.

पण नानांचा खरा जीव होता धुळ्याबाहेरच्या एका माळावर. दिसायला काय? मुरूम, कुसळं आणि दोन-चार बोरी. पण दर रविवारी अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, त्यांना डबा बांधून द्यायची आणि हे दिवस दिवस तिथे रमायचे. "तुमच्या नानांची दुसरी बायको तिकडे राहते," असं ती मला सांगायची, आणि पोळ्या मात्र दोन जास्तच बांधायची.

पुढे त्या माळाचा अर्धा भाग गोदामांसाठी द्यायचं घाटलं. ग्रामसभा भरली. नाना इस्त्रीचा सदरा घालून गेले, सोबत मी. आलेल्या साहेबांनी फार गोड आवाजात विचारलं, "सर, अर्धा माळ गेला तर इथले अर्धे पशुपक्षी, अर्धी झाडं जातील का?" अहो, कुठलाही शहाणा माणूस 'हो' म्हणाला असता! मी तर त्यांचा सदरा मागून ओढला. पण नाना म्हणाले, "नाही. अर्ध्या जाती नाही जाणार. बहुतेक राहतील."

"मंग बठ्ठा ऱ्हातस तर वांधा काय शे?" मागून एकजण अहिराणीत ओरडला, सगळेच राहतात तर अडचण कसली म्हणून. हशा पिकला, टाळ्या पडल्या. "आज राहतील," नाना सांगत होते, "पण तुकड्यात कोंडल्या की हळूहळू..." तेवढ्यात चहा आला. ते 'हळूहळू' कोणी ऐकलं नाही.

काही वर्षांनी उरलेल्यातलाही अर्धा मागितला, तेव्हा नानांना कोणी बोलावलंसुद्धा नाही. "सरच बोलले होते, काही जात नाही म्हणून," एवढं पुरलं. त्या दिवशी अक्का त्यांच्यावर पहिल्यांदा ओरडली, "जन्मभर खरं बोललात. त्या दिवशी एकदा खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं?" नाना ताटावरून उठले. जेवलेही नाहीत. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्यासाठी वाईटही वाटत होतं.

गेल्या महिन्यात धुळ्याला गेलो तर म्हणाले, "चला, माळावर जाऊ." गोदामांच्या मागे, ट्रक उभे करायच्या जागेपलीकडे, एक पट्टा उरलाय. त्यावर एक चिमणीएवढा पक्षी सरळ वर चढला, पंख मिटून दगडासारखा खाली आला, जमिनीला टेकणार तोच शीळ घालत पुन्हा वर. "डोंबारी चंडोल," नाना म्हणाले. "नर आहे. मादीला दाखवतोय."

"मादी कुठे आहे?"

"नाही. गेल्या वर्षीही नव्हती."

पक्षी कसरत करतच राहिला. ऊन चढलं तरी आम्ही दोघं बघत उभे होतो.

"उद्या कोणी मला विचारलं," नाना हळूच म्हणाले, "की या माळावर डोंबारी आहे का, तर मला 'आहे' म्हणावं लागेल हो."

"नका म्हणू, नाना," मी म्हटलं. "या वेळी तरी नका म्हणू. पुन्हा म्हणतील, सरच बोलले, काही गेलेलं नाही."

त्यांनी मान डोलावली. डोळे त्या पक्ष्यावरच होते. पण मी त्यांना ओळखतो. कोणी विचारलंच, तर ते 'आहे' म्हणतील.