साखरेचं कूळ
साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास आला की मला अजून तो दिवस आठवतो. सांगलीकडच्या एका कारखान्यावर गळिताचा पहिला दिवस होता. आम्ही पोरं फाटकाशी पत्रकं वाटत होतो, कारण ऊसतोडणीवाल्यांच्या खोपटांजवळच्या ओढ्यात मागच्या हंगामाची साठलेली मळी उतरत होती आणि तेच पाणी पिऊन त्यांची लेकरं जुलाबानं आडवी झाली होती. फाटकाजवळच्या समारंभाच्या मांडवात भाषणाला साताऱ्याहून आणलेले प्राध्यापक रंगात आले होते. इंग्रजांची 'शुगर' म्हणजे आपली संस्कृत शर्कराच, ती इराण-अरबस्तान फिरत विलायतेला पोचली, असं त्यांनी सांगताच टाळ्या कडाडल्या. तेवढ्यात म्हसवडकडची एक तोडणीवाली उठली. "आवं गुर्जी, शबुद इलायतेला पोचला, लय झ्याक झालं. पर कारखान्याच्या टाकीचं पाणी आमच्या खोपटापतुर कवा पोचायचं?" कारखान्याचे अध्यक्ष हसले. "ए बाई, चांगल्या दिशी रडगाणं लावू नगंस." मग पूजेची उसाची मोळी गव्हाणीत पडली, पेढे वाटले गेले, आणि प्राध्यापकांनी त्या बाईच्या देखत टाकीच्या पाण्यानं खळखळून चूळ भरली नि मांडवाबाहेर थुंकली. त्यानंतर भाषेच्या थोरवीचं एकही व्याख्यान मी आजवर शेवटपर्यंत ऐकलेलं नाही.