हेडफोनमधलं अमेरिकेतलं गाव

तुम्ही म्हणता, सर, तुमच्याकडे एवढे किस्से येतात कुठून? अहो, आठ-आठ तास दुसऱ्यांचं बोलणं कानात घेऊन बसलं की किस्से आपोआप साचतात. भांड्यावर झाकण ठेवायला विसरावं आणि त्यात पावसाचं पाणी साठावं, तसे. कधीतरी भांडं कलंडतंच!

आमचं ऑफिस पांडेसरात, कापड गिरण्यांच्या वस्तीत, साड्या पॅक करणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. काम ट्रान्सक्रिप्शनचं. अमेरिकेतल्या गावांच्या कौन्सिल मीटिंगचं रेकॉर्डिंग येतं, ते ऐकायचं आणि शब्द न् शब्द टाइप करायचा. सार्वजनिक सभा असतात, चोरून ऐकण्यासारखं काही नाही. मी आधी नवागामच्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवायचो, म्हणून इथे प्रूफरीडर. आमच्या टेबलावर भटू, उज्ज्वलाताई आणि दिपाली. मालक हसमुखभाई काचेच्या केबिनमध्ये. आणि गेलं वर्षभर आमच्या टेबलाकडे एकच गाव आहे. छोटंसं, थंडीचं, कोंबड्यांच्या मोठ्या कारखान्याचं. नाव सांगत नाही. पण आमच्या नवागामच्या गल्ल्यांपेक्षा त्या गावाची गटारं मला जास्त पाठ आहेत!

•

दिपाली नुकतीच लागली होती. बी.कॉम., इंग्रजी चांगलं, पण मनातून भेदरलेली. तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडे आली.

"सर, एक विचारू? हे लोक वेडे आहेत का?"

"का गं?"

"मीटिंग सुरू झाली की एक माणूस उभा राहून छान बोलतो. मग सगळे एकदम 'आय मीन' म्हणतात. आणि पुढे कोणीच काही बोलत नाही! म्हणायचंय काय त्यांना?"

मी तिची फाइल उघडली. अकरा मीटिंगा. अकरा प्रार्थना. आणि प्रत्येकीच्या शेवटी, 'आमेन'च्या जागी, अख्ख्या सभागृहाच्या नावावर स्वच्छ टाइप केलेलं: आय मीन.

•

तिला नवल वाटलं त्यात तिची चूक नव्हती. सरकारी मीटिंग, विषय गटाराचा, आणि सुरुवात देवाच्या नावाने! त्या कौन्सिलमध्ये पाच मेंबर. त्यातले एक तिथल्या चर्चचे पाद्री. आवाज असा, की गटाराच्या पाइपाबद्दल बोलले तरी ऐकत राहावंसं वाटावं. बहुतेक वेळा प्रार्थना तेच म्हणायचे.

भटू आमचा धुळ्याकडचा. घरी अहिराणी, ऑफिसात आमच्यासाठी मराठी, पण मन भरून आलं की पुन्हा अहिराणी. एकदा टेबलाखाली माझं पेन पडलं म्हणून वाकलो, तर भटूच्या चपला बाजूला काढून ठेवलेल्या, पाय जमिनीवर, कानात हेडफोन, डोळे मिटलेले.

"भटू, काय चाललंय?"

"प्रार्थना सुरू शे, सर."

"अरे, पण तो देव कोणाचा?"

"कोन्हा बी राहो! बठा लोक डोया मिटी राह्यनात ना!"

मी पेन न उचलताच सरळ झालो.

•

त्या गावात पुढे वाद झाला. दर वेळी एकाच धर्माची प्रार्थना का? महिनाभर भांडले आणि शेवटी ठरलं की गावातल्या कुणीही नाव नोंदवावं, ज्याची पाळी येईल त्याने म्हणावी.

चौथी पाळी आली एका निवृत्त बस ड्रायव्हरची. उभा राहिला आणि म्हणाला, "मी देव मानत नाही."

हेडफोनमध्ये खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. कुणीतरी दार आपटून बाहेर गेलं. उज्ज्वलाताई टाइप करत होत्या, त्यांनी मला हाताने बोलावलं आणि हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावली.

तो ड्रायव्हर म्हणत होता, "गेल्या आठवड्यात इतकं बर्फ पडलं की ॲम्ब्युलन्स निघेना. ज्यांनी फावड्यांनी रस्ता मोकळा केला, त्यांची नावं मी वाचतो." आणि त्याने नावं वाचली. सावकाश, एकेक. मधेच कुणीतरी बाई रडायला लागल्याचं ऐकू आलं. यादी संपल्यावर तो म्हणाला, "माझ्याकडे एवढंच आहे."

आणि मग सगळ्यात आधी आवाज आला तो पाद्रीबाबांचा. "आमेन."

मागून सगळा हॉल!

ड्रायव्हर म्हणाला, "थँक यू, पण मी देव मानत नाही हे लिहून घ्या."

उज्ज्वलाताईंनी लिहून घेतलं. म्हणाल्या, "सर, आपल्या सोसायटीच्या मीटिंगला हा माणूस पाहिजे होता."

•

उज्ज्वलाताईंचं घर बौद्ध. आजोबा रेल्वेत होते, वडील डाइंग मिलमध्ये आयुष्यभर रंगाच्या वाफेत उभे राहिले. आता त्यांना कमी ऐकू येतं. घरात बुद्धाच्या मूर्तीशेजारी संविधानाची प्रत, कापडात बांधलेली.

त्या गावात एक बाई नवीन निवडून आल्या. शपथेची वेळ आली. क्लार्कने विचारलं, "पुस्तक आणलंय?" बाई म्हणाल्या, "आणलंय. देशाची राज्यघटना."

मागून एक जण ओरडला, "तुमचं बायबल कुठे आहे?"

"घरी," बाई म्हणाल्या. आवाज थरथरत होता. "रोज सकाळी वाचते. ते पुस्तक माझं आहे. हे आपल्या सगळ्यांचं आहे. म्हणून इथे हात याच्यावर."

उज्ज्वलाताईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. खाली टेम्पोत साड्यांचे गठ्ठे चढत होते. मग त्यांनी एका कोऱ्या कागदावर ते बोलणं मराठीत उतरवलं आणि घरी नेलं. वडिलांना नीट ऐकू येत नाही, पण वाचता येतं.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "काय म्हणाले बाबा?"

"दोनदा वाचलं. मग विचारलं, ही बाई कोण? म्हटलं, माहीत नाही बाबा, मी नुसता आवाज ऐकलाय. तर म्हणाले, आवाज कापत होता का? म्हटलं, हो. तर म्हणाले, 'मग खरी आहे.' आणि कागदाची घडी घालून संविधानाच्या कापडात ठेवून दिली!"

•

हसमुखभाईंना या सगळ्याचं कौतुक, पण त्यांचं लक्ष वेगळीकडे. त्यांचे मावसभाऊ अमेरिकेत मोटेल चालवतात. तिथल्या लोकांनी मिळून मंदिर बांधायचं ठरवलं तर शेजारच्यांनी हरकत घेतली. मंदिर नको असं कुणीच म्हणालं नाही हं! म्हणाले, गाड्या कुठे लावणार?

"बे वरस, मास्तर!" हसमुखभाई दोन बोटं दाखवत म्हणाले. "दोन वर्षं नकाशे काढले. तिकडे भगवानला पण पार्किंग दाखवायला लागते!"

आम्ही खूप हसलो. पण लवकरच आमच्या हेडफोनमधल्या गावातही तोच प्रकार सुरू झाला, आणि तेव्हा कुणी हसलं नाही.

•

झालं असं. कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला बाहेरून आलेली मुसलमान कुटुंबं होती. त्यांनी गावाबाहेरची थोडी जमीन घेतली आणि दफनभूमीसाठी परवानगी मागितली. तोवर ते आपली माणसं चार तासांवरच्या शहरात नेऊन पुरायचे.

विरोधाला हॉल भरला. एक जण म्हणाला, पाणी खराब होईल. दुसरा म्हणाला, जमिनीचे भाव पडतील. तिसरा म्हणाला, ट्रॅफिक वाढेल.

भटूने टेप थांबवली. "मरेल मानुसनी कसानी ट्रॅफिक, सर?"

मी म्हटलं, "टाइप कर."

तिसऱ्या मीटिंगला त्या कुटुंबांतला एक बाप बोलायला उभा राहिला. इंग्रजी तुटक, आपल्यासारखंच. म्हणाला, "माझी मुलगी तिकडे आहे. सहा वर्षांची होती. कारखान्यात सुट्टी मिळाली की चार तास जातो, चार तास येतो. तिच्याजवळ अर्धा तास बसतो. माझी बायको म्हणते, ती तिथे एकटी असते. मला एवढंच सांगायचं होतं."

मग मतदान. दोन हो, दोन नाही. पाचवे पाद्रीबाबा. निवडणूक जवळ आलेली, आणि हॉलमध्ये बसलेले बहुतेक त्यांच्याच चर्चचे. याआधीच्या दोन्ही मीटिंगांत ते विरोधात बोलले होते.

क्लार्कने नाव पुकारलं. दिपाली भटूच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली, उज्ज्वलाताई पण. आम्ही स्पीकर लावला. पंख्याचा आवाज तेवढा येत होता, तिथला की इथला कळेना.

मग तो आवाज आला. "आज सकाळपासून तुम्ही मला फोन करताय. तुमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरचं कुणी ना कुणी मी माझ्या हातांनी पुरलंय. तुम्हाला कुणालाही त्यासाठी इथे उभं राहून परवानगी मागावी लागली नाही. माझ्या श्रद्धेमुळे मी नाही म्हणेन असं तुम्ही धरून चाललात. मीही तसंच धरून चाललो होतो. पण त्या श्रद्धेमुळेच मी हो म्हणतोय."

गोंधळ! "पुढची निवडणूक विसरा!" असं कुणीतरी ओरडलं. हातोडी वाजली. सभा संपली.

आमचा नियम असा, की सभा संपल्याची हातोडी वाजली की पुढचं टाइप करायचं नाही. पण त्या दिवशी क्लार्क मशीन बंद करायला विसरला होता. लोक निघून गेल्याचे आवाज आले, दारं बंद झाली, आणि मग माइकजवळच दोन माणसं बोलू लागली.

पाद्रीबाबांनी विचारलं, "तुमच्या मुलीचं नाव काय?"

बापाने सांगितलं. पाद्रीबाबांनी ते म्हणून पाहिलं, चुकलं. बापाने पुन्हा सांगितलं. परत चुकलं. बाप हसल्यासारखा आवाज आला, की रडल्यासारखा, ते भटूलाही ठरवता आलं नाही. तिसऱ्यांदा बापाने एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. आणि पाद्रीबाबांनी ते नाव नीट, पूर्ण, बरोबर म्हटलं.

भटूने ते सगळं टाइप केलं होतं. नावासकट. मी प्रूफरीडर, ते काढून टाकणं माझं काम. मला ते जमेना. फाइल घेऊन मी हसमुखभाईंच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, हातोडीच्या पुढचं आहे, काय करू?

त्यांनी हेडफोन लावला. शेवटपर्यंत ऐकलं. मग हेडफोन काढून, त्याची वायर नीट गुंडाळून माझ्या हातात दिली.

"रहेवा दो, मास्तर, राहू द्या तसंच," ते म्हणाले, आणि खुर्ची भिंतीकडे फिरवून बसले.